काचेतले दोन कोट

तोंडात टाचण्या धरूनच तिने अध्यक्षबाईंचा डावा खांदा चाचपला, पांढऱ्या कोटाच्या आत पॅड सरकवलं आणि दोन पावलं मागे होऊन आरशात पाहिलं. आता कुठे दोन्ही खांदे एका रेषेत आले. अध्यक्षबाईंचा डावा खांदा जन्मापासून उतरता. सभा गाजवणाऱ्या या बाईंची ही गोष्ट मोजक्या लोकांना ठाऊक होती, आणि शिंपिणीने ती कधी दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती.

गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या जिभेमुळे, यावर अजून एकमत झालेलं नाही. टाचण्या तोंडात असेपर्यंत मात्र ती गप्प असे, आणि मनातलं बोलायला गिऱ्हाइकं नेमकी तीच वेळ साधत.

"आत माया किती सोडलीय?" अध्यक्षबाईंनी कमरेची शिवण दाबून पाहिली. "जाड दिसतंय. कापून टाका जास्तीचं."

"हं," कात्रीबाई टाचण्यांमधून म्हणाली. हा तिचा हुंकार हो नव्हता आणि नाहीही नव्हता. शिवणीच्या आत ठेवलेली माया ती कुणाच्या सांगण्यावरून कापत नसे. आज अंगाला घट्ट झालेला कपडा उद्या उसवून सैल करायचा, तर आत दोन बोटं कापड नको का?

कोट मोर्चासाठी होता. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करता येईल, असा कायदा नुकताच झाला होता आणि तो मागे घ्यावा म्हणून धर्मपक्षाने कंबर कसली होती. महिला आघाडीच्या अध्यक्षबाई सगळ्यांत पुढे चालणार होत्या. येत्या रविवारी सकाळची प्रार्थना आटोपली की मोर्चा निघणार आणि याच गल्लीतून चौकात जाणार.

"वहिनी," अध्यक्षबाई आरशातूनच म्हणाल्या. मास्तर, म्हणजे कात्रीबाईचे यजमान, हयात होते तेव्हापासूनची ही हाक. "तुमच्या त्या काचेत या आठवड्यात काय लागणार आहे?"

कात्रीबाईने एकेक टाचणी तोंडातून काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली.

रस्त्याकडच्या काचेत लग्नाचे कपडे लावायचे, ही त्या दुकानाची रीत होती. गल्लीतलं लग्न ठरलं की नवरा-नवरीचे कपडे तिथे झळकत. लोक थांबत, नावं ठेवत, नवरी सुटलेली दिसते म्हणत, आणि जेवायला मात्र न चुकता जात. गल्लीच्या भाषेत लग्न ठरत नसे, ते 'काचेत लागत' असे.

"लेकीच्या लग्नाचे कपडे," कात्रीबाई म्हणाली. "दोघींचे."

त्या दोघी म्हणजे एक कात्रीबाईची मुलगी आणि दुसरी अध्यक्षबाईंची. हे दोन्ही आयांना केव्हाचं ठाऊक होतं, पण एकीनेही दुसरीपुढे कधी उच्चारलं नव्हतं. मुलीने घर सोडल्यापासून अध्यक्षबाई तिच्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. तरी कपडे शिवायला त्या इथेच येत. शहरात शिंप्यांचा काही दुष्काळ पडला नव्हता. माप घेता घेता कात्रीबाई सहज बोलल्यासारखं सांगे, दोघींना सर्दी झालीय, दोघींनी घर बदललंय. अध्यक्षबाई ऐकलंच नाही असा चेहरा करत आणि सगळं ऐकून घेत.

"मोर्चा जाईपर्यंत लावू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एवढं ऐका माझं. कुणी पाहिलं, नवऱ्या कोण म्हणून विचारलं, तर माझी उभी हयात पाण्यात जाईल."

"मोर्चासाठी थांबायचं म्हणजे लपवायचं."

"हे मी मतांसाठी करते असं वाटतं तुम्हाला. तसं नाही, वहिनी. घर कसं असावं हे देवाने घालून दिलंय, असं मी मनापासून मानते. पोटची पोर वेगळी निघाली म्हणून मानणं बदलू?"

"माना की. मीसुद्धा देवाचं नाव घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही." कात्रीबाईचा आवाज चढला नाही, पण टेप गुंडाळणारा हात थांबला. "या काचेत मी जामिनावर सुटलेल्याचा सूट लावलाय. त्या कोपऱ्यावरच्याची तर तिन्ही लग्नं लावली, तिसऱ्या वेळी लोक पैजा लावत होते. आणि माझ्याच मुलीचं लग्न झाकून ठेवू? काय वाईट केलंय तिने? मला अभिमान आहे तिचा. दोघींचा आहे. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा तुमची पोर माझ्या उशाशी बसून होती. सून आहे ती माझी. मी मिरवणार तिला, विहीणबाई."

"मला ते म्हणू नका."

"बरं. नाही म्हणत."

अध्यक्षबाई स्टुलावरून उतरल्या. मागच्या खुंटीवर पांढऱ्या फडक्याखाली काहीतरी टांगलेलं होतं. त्यांनी विचारलं नाही, सरळ फडकं बाजूला केलं. एकाच ताग्यातले दोन गडद निळे कोट. कुठला कुणाचा हेही त्यांनी विचारलं नाही. हात सरळ उजवीकडच्या कोटावर गेला आणि त्याच्या उतरत्या डाव्या खांद्यावर थांबला.

"पॅड नाही घातलंत."

"तीच नको म्हणाली. खांदा आहे तसा दिसू दे म्हणाली. मग मी कापडच त्या उताराने बेतलं."

अध्यक्षबाईंचा हात तिथेच राहिला. रस्त्यावरून भोंगेवाली गाडी मोर्चाची वेळ सांगत गेली आणि दुकानातली कपाटं हलकेच थरथरली. मग त्यांची बोटं गळ्यापाशी आली.

"कॉलर घट्ट आहे."

"हल्ली तशीच घालतात."

"घालत असतील. हिला गळ्याशी काही सहन होत नाही. शाळेच्या सदऱ्याचं वरचं बटण रोज तोडून यायची, मी रोज लावून द्यायची." त्यांनी कॉलर उलटी करून पाहिली. "सैल करा. माया आहे ना आत?"

"आहे," कात्रीबाई म्हणाली. "भरपूर ठेवलीय."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. फडकं पुन्हा दोन्ही कोटांवर नीट ओढलं, कडा सारख्या केल्या. दारापाशी पोचल्यावर त्या वळल्या.

"काचेत लावू नका, वहिनी."

कात्रीबाईच्या तोंडात आता एकही टाचणी नव्हती, तरी ती काही बोलली नाही.

मोर्चाच्या सकाळी समोरच्या घड्याळजींनी दुकान उघडलं तेव्हा दोन्ही निळे कोट काचेत लागलेले होते, शेजारीशेजारी, बाहीला बाही लावून. ते लगबगीने रस्ता ओलांडून आले.

"अहो कात्रीबाई, आजच्या दिवस तरी राहू द्या. एखादा दगड येईल."

"आला तर काच बदलीन. कोट काही बदलणार नाही."

मग ती ठेवणीतले कपडे घालून, गळ्यात टेप अडकवून दारात उभी राहिली. मान ताठ होती. कुणी विचारलं तर आपल्या मुलीचं नाव खणखणीत सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. दुसरं नाव मात्र ती सांगणार नव्हती. ते सांगायचं की नाही, हे त्या मुलीच्या आईने पाहायचं होतं.

'घर वाचवा' अशा घोषणा देत मोर्चा गल्लीत शिरला. पुढे अध्यक्षबाई होत्या, हातात माईक, पांढरा कोट, दोन्ही खांदे सरळ. मागोमाग भोंगेवाली गाडी. काचेसमोर आल्यावर पहिल्या रांगेतल्या एकीचे पाय अडखळले.

"अगंबाई, दोन्ही कोट बायकांचेच की."

"दोन्ही नवऱ्याच? कोणाच्या गं या मुली?"

घोषणा विस्कटल्या. मागच्या बायका पुढच्यांवर आदळल्या. घड्याळजींनी शटरला हात घातला. कात्रीबाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्षबाई थांबल्या आणि काचेकडे वळल्या. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ त्या पाहत राहिल्या. त्यांची नजर उतरत्या डाव्या खांद्यावरून गळ्याकडे गेली. माईक तोंडाशीच होता, याचं त्यांना भान नसावं.

"कॉलर आता बरोबर बसलीय," त्या म्हणाल्या, आणि भोंग्याने ते वाक्य पार चौकापर्यंत नेलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने घाईघाईने स्वतःची कॉलर सारखी केली. मग कुणीतरी मागून घोषणा दिली, रांग जुळली आणि मोर्चा पुढे सरकला. काचेला ओरखडासुद्धा आला नाही.

"म्हणजे काय म्हणाल्या हो त्या?" घड्याळजींनी विचारलं.

"कपडे पसंत पडले म्हणाल्या," कात्रीबाई म्हणाली, आणि काचेवर बसलेली धूळ बाहीने पुसू लागली.