झोपण्यापूर्वी एक गोळी

आचान, म्हणजे प्राध्यापक, सुमोन्था यांच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते आणि त्यांच्या विषयाला चार दिवस.

सोमवारी सकाळी फार्मसी विद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीची बैठक झाली. नव्या अभ्यासक्रमात तास कमी करायचे होते. काटछाटीच्या यादीत शेवटचं नाव होतं 'पेशींचं घड्याळ आणि औषधाची वेळ'. हा विषय सुमोन्था यांनी नऊ वर्षांपूर्वी सुरू केला. त्याआधी सतरा वर्षं त्या याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर यकृताच्या पेशी वाढवत होत्या. त्यांची पदवी फार्मसीची नव्हे, पेशीविज्ञानाची. आणि ही गोष्ट सव्वीस वर्षांत कुणी त्यांना विसरू दिली नव्हती.

समितीचे अध्यक्ष आचान थाविन त्यांच्याच वर्षी नोकरीला लागलेले. दोघं रोज एका टेबलावर जेवत आणि रोज भांडत. विद्यालयात सुमोन्था यांना टोपणनावानं हाक मारणारे ते एकटेच.

"टिम, रागावू नकोस," थाविन म्हणाले. "पेशंट विचारतो, गोळी कधी घेऊ? आपण सांगतो, झोपण्यापूर्वी. पाकिटावर खूण केलेली असते. यात यकृताच्या पेशीला कशाला मध्ये आणायचं? तिला कुणी विचारलंय?"

"मी विचारलंय. सव्वीस वर्षं."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, थाविनला वेळेवर जेवायला सांग."

समिती हसली. पण हशानं तास वाचत नाहीत. शेवटी असं ठरलं: मतदान शुक्रवारी. गुरुवारी सुमोन्था यांचा वर्ग दरवर्षीप्रमाणे गावात जाणारच होता. थाविन सोबत जातील. या विषयामुळे एका तरी पेशंटच्या एका तरी गोळीत फरक पडतो हे त्यांना दिसलं, तर विषय राहील. नाही दिसलं, तर यादी आहे तशी मंजूर.

सुमोन्था यांच्या वर्गाची पद्धत विद्यालयात चेष्टेचा विषय होती. पहिले पाच आठवडे औषधाचं नावही निघत नसे. मुलं नुसत्या पेशी सांभाळत. पेशींना ताजं अन्न घातलं की त्यांचं घड्याळ नव्यानं सुरू होतं. भिंतीवर किती वाजलेत यापेक्षा, शेवटचं अन्न कधी आलं हे यकृताच्या पेशीला जास्त कळतं. म्हणून प्रत्येकानं वहीत चोवीस तासांची आडवी रेघ ओढायची आणि अन्न घातलं की त्या वेळेवर टिंब द्यायचं. रेघ कोरी राहिली की गुणही कोरे. मुलं तिला 'आचानची रेघ' म्हणत आणि काही जण बसच्या वेळाही तिच्यावरच मांडत.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सहा विद्यार्थी आणि दोन आचान बांग मानच्या चहाच्या दुकानात पोचले. दुकानाला लागूनच रबराचा चीक विकत घेणारी शेड आहे. रात्रभर झाडांना चिरा देऊन, सकाळी चीक गोळा करून, तो शेडमध्ये वजन करून दिला की माणसं इथं येऊन बसतात. दुकानाच्या वाशांना कवडे पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले होते. थाविन नेमके एका पिंजऱ्याखाली बसले आणि घसा साफ करून बोलू लागले.

"हळू, मास्तर," शेजारचा म्हातारा म्हणाला. "रविवारी या कवड्याची घुमण्याची स्पर्धा आहे. तुमचा आवाज उचलला तर गेलं सगळं."

सुहैला नावाच्या चौथ्या वर्षाच्या मुलीच्या वाट्याला नुअन मावशी आल्या. वय एकसष्ट, पायात गमबूट, कपाळावर रात्रीच्या दिव्याच्या पट्ट्याचा वळ. कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. सुहैलानं थाविननी ठरवून दिलेले चार प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते शेजारी वही उघडून बसले.

"मावशी, ही गोळी कशासाठी आहे?"

"रक्तातल्या चरबीसाठी."

"किती घेता?"

"एक."

"कधी?"

"झोपण्यापूर्वी. चुकवत नाही. लग्नाला गेले तरी पिशवीत असते."

"गरोदर असताना..." सुहैला पाठ केलेल्या ओघात पुढे गेली आणि थांबली.

"विचार, विचार," मावशी म्हणाल्या. "खूप वर्षांत कुणी विचारलं नाही."

दुकान हसलं. थाविननी वही मिटली. "उत्तम. सगळी उत्तरं बरोबर. टिम, पाकिटावरची खूण पुरते, बघ." त्यांनी दुसरा चहा मागवला. वर्ग चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा सुमोन्था यांचाच नियम होता; त्यांनी तो पाळला.

सुहैला मात्र पाकिटाकडे पाहत होती. पाकीट एकोणीस दिवसांपूर्वीचं, तीस गोळ्यांचं. आत दोन उरल्या होत्या.

"मावशी, बाकीच्या गोळ्या..."

मावशींनी कप खाली आपटला. "तूसुद्धा? हॉस्पिटलातली ती नर्स, सगळ्या रांगेसमोर म्हणाली, गोळ्या बहिणीला वाटतेस म्हणून संपतात. माझी बहीण आठ वर्षं माझ्याशी बोलत नाही! तिला मी गोळी देईन? मी तिला मिरचीसुद्धा देणार नाही!"

"मी तसं म्हणत नाही, मावशी."

"मग काय म्हणतेस?"

गोळ्या कमी होत्या आणि बाई खोटं बोलत नव्हती. प्रयोगशाळेत हिशेब जुळला नाही की एकच गोष्ट करायची सवय होती. तिनं बांग मानकडून खाकी कागद मागून घेतला, चहाबरोबरच्या पाथोंगकोची, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या कांड्यांची, बशी बाजूला सारून टेबलावर पसरला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली.

"हा तुमचा एक दिवस. मध्यरात्र ते मध्यरात्र. जेवण झालं तिथं पाथोंगकोचा तुकडा ठेवा. झोपलात तिथं चमचा."

"खायचा पदार्थ टेबलावर पसरायचा? बांग मान, याचे पैसे कोण देणार?"

"ते मास्तर," बांग मान म्हणाला.

मावशींना खेळ आवडला. एक वाजता उठायचं, चारशे ऐंशी झाडं. सातला चीक गोळा करायचा. नऊला इथं: तळलेल्या पाथोंगकोचा तुकडा. अकराला घरी भात: आणखी एक तुकडा. बाराला त्यांनी चमचा ठेवला. चारला उठून कोंबड्या. सहाला भात. आठला दुसरा चमचा.

"आता गोळी," सुहैला म्हणाली आणि उकडलेल्या शेंगांची बशी पुढे सरकवली.

मावशींनी एक दाणा सोलून आठच्या चमच्याआधी ठेवला. मग दुसरा सोलून बाराच्या चमच्याआधी ठेवला. दोन्ही नीट सरळ केले आणि हात पुसले.

थाविन उठून उभे राहिले. खुर्ची करकरली, कवड्यावाल्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

"मावशी," ते शक्य तितक्या हळू म्हणाले, "गोळी दिवसाला एकच ना?"

"एकच. झोपण्यापूर्वी. वाचता येतं मला."

"पण इथं दोन दाणे आहेत."

"कारण चमचे दोन आहेत! मास्तर, तुम्ही एकदाच झोपता म्हणून माझी दुपारची झोप खोटी का?"

सुहैला एकोणीस दिवस आणि अठ्ठावीस गोळ्या यांत अडकली होती. रोज दोन घेतल्या असत्या तर गोळ्या कधीच संपल्या असत्या.

"पाऊस असेल तेव्हा, मावशी?"

"ओल्या झाडाला चिरा देत नाहीत, पोरी. रात्रभर झोपते. एकच चमचा."

"बांग मान, गेल्या एकोणीस दिवसांत पावसाचे किती?"

"दहा," बांग मान क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "ते दहा दिवस मी एकटाच चहा प्यायलोय."

दहा दिवस एकेक, नऊ दिवस दोन-दोन. अठ्ठावीस. उरल्या दोन. सुहैलानं बेरीज कागदावर लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली.

"ऐकलंत?" मावशी अख्ख्या दुकानाला म्हणाल्या. "बहिणीला नाही वाटल्या!"

थाविन खाली बसले ते वेगळेच होऊन. "मावशी, पोटऱ्या दुखतात?"

"चारशे ऐंशी झाडांभोवती फिरून या, मग मला विचारा."

"तशा नव्हे. पाऊस असतानाही?"

मावशींनी वाकून पोटरी चाचपली. "आता म्हणताय तर, हो. थोड्या."

ही गोळी जास्त झाली की स्नायू दुखतात; थाविननी लगेच हॉस्पिटलात फोन लावला. आज दुपारची गोळी नाही, रात्रीचीही नाही. आधी रक्ततपासणी, मग वेळ आणि मात्रा डॉक्टर सांगतील. सुहैलानं खाकी कागदाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. तोपर्यंत अकराच्या जागचा पाथोंगको कुणीतरी खाल्ला होता. तिथं पेननं टिंब द्यावं लागलं.

परतीच्या गाडीत थाविन गोळ्या काढून मावशींनी दिलेलं ते रिकामं पाकीट उलटसुलट करत होते. त्यावर चार चौकटी होत्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपण्यापूर्वी. चौथीत खूण.

"हे कुणाचं डोकं?" ते म्हणाले. "चार चौकटींत सगळ्या दुनियेचा दिवस कोंबलाय."

"माझं," सुमोन्था म्हणाल्या.

"काय?"

"वीस वर्षांपूर्वी आखलं. नोकरीत सहाच वर्षं झाली होती, फार्मसीवाल्यांना खूश करायचं होतं. पेशी कधी जेवल्या ते मी रोज लिहून ठेवलं, थाविन. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि माणूस कधी झोपतो, हे एकदाही विचारलं नाही. माझे वडील चीक गोळा करायचे. दुपारी घरात आवाज करायची आम्हाला बंदी होती."

थाविननी पाकीट खिशात ठेवलं. "मंजुरीची सही कुणाची होती?"

"तुझी."

"मग उद्या चौकटींविषयी तूच आधी बोल," ते म्हणाले. "मी नंतर बोलतो."

शुक्रवारच्या बैठकीत सुमोन्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी विषयाची बाजू मांडण्याआधी स्वतःची चूक सांगितली, तारीख आणि नमुना क्रमांकासह. एक तरुण सदस्य म्हणाला, "म्हणजे ज्यांनी पाकीट चुकीचं आखलं त्यांचाच विषय ठेवायचा?"

"पाकीट आम्ही दोघांनी चुकीचं आखलं," थाविन म्हणाले. "चार ठरलेल्या प्रश्नांना दोन गोळ्या सापडल्या नाहीत. ते प्रश्न माझे आहेत. सापडल्या त्या हिच्या रेघेवर. मी समोर बसून वही मिटली होती."

मतं पडली: बाजूनं सात, विरोधात एक. त्या तरुणानं नंतर सांगितलं की विरोध विषयाला नव्हता, तीन तासांच्या बसप्रवासाला होता. समितीनं तिथल्या तिथं आणखी एक ठराव केला: गावातला वर्ग सत्राच्या शेवटी नव्हे, पहिल्या आठवड्यात. नव्या पाकिटावर पहिली ओळ असेल, 'तुम्ही कधी झोपता?' आणि पुढं मोकळी जागा.

मावशींच्या पोटऱ्या दोन आठवड्यांत बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी दिवसाला एकच गोळी ठरवली, ती कोणत्या झोपेआधी तेही लिहून दिलं. पण मावशींनी हॉस्पिटलला घातलेली एक अट राहिलीच होती: त्या नर्सनं चहाच्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलायचं.

ती आली. गुरुवारी, रात्रपाळी संपवून, गणवेशातच. तिनं हात जोडून माफी मागितली. बांग मानच्या दुकानात तेव्हा एकोणीस माणसं होती. मावशींनी तिला बसवलं, चहा मागवला आणि खाकी कागद पुढे ओढला.

"आता तू सांग, ताई. तुला कसली गोळी चालू आहे?"

"रक्तदाबाची. रोज एक, झोपून उठल्यावर."

मावशींनी तिच्या हातात चमचा दिला. नर्सनं तो रात्रपाळीनंतरच्या झोपेवर, सकाळी दहाला ठेवला. मग हात लांब करून तिनं शेजारच्या टेबलावरचा दुसरा चमचा उचलला.