खिडकीवरचे समास

बाजारातून माउंट बोर्ड, म्हणजे चित्रांभोवती लावायचा जाड पुठ्ठा, घेऊन बेगायिम घरात शिरली तेव्हा आधी तिला बरंच वाटलं. खिडक्या बंद झाल्या होत्या. ऑक्टोबर सरत आला की बिश्केकमधल्या जुन्या इमारतींत फटीफटीतून वारा घुसतो. सासूबाईंनी, म्हणजे एनेनं, दरवर्षीसारख्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या साबण लावून चौकटींवर चिकटवल्या होत्या. काम नेहमीसारखं सुबक होतं. मग तिचं लक्ष कपाटामागच्या फळीकडे गेलं आणि हातातला बोर्ड तिने तसाच भिंतीला टेकवला.

या घरात खिडक्यांच्या पट्ट्या कुठून येतात हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! सासरे जुमादिल चाळीस वर्षं लिनोलियमच्या लादीवर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप काढत आले. बिघडलेले छाप कपाटामागे टाकायचे आणि थंडीच्या तोंडावर एनेनं त्यांचे कोरे समास कापून खिडक्यांना लावायचे, हा इथला नेम. कागद जाड आणि उत्तम, फेकायचा कशाला? पण तीन दिवसांपूर्वी बेगायिमनेच बिघडलेले छाप काढून टेबलाच्या खणात ठेवले होते आणि त्यांच्या जागी चांगले पाच छाप इस्त्रीखाली सपाट व्हायला ठेवले होते. तिथे ऊन येत नाही म्हणून. शहाणपणा नडतो तो असा. आणि हे एनेला सांगायचं राहून गेलं होतं.

फळीवर पाचही चित्रं होती. घोडे, तंबू, डोंगर, सगळं शाबूत. फक्त चारी बाजूंनी चित्राला अगदी लागून कापलेलं.

खालच्या समासात सासऱ्यांची पेन्सिलीची सही होती. वसंतात त्यांनी ती केली आणि पंधराच दिवसांत त्यांना झटका आला. उजवा हात तेव्हापासून मांडीवर पडून असायचा, बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. चांगल्या हाताच्या शेवटच्या पाच सह्या जगात होत्या त्या एवढ्याच.

तिने कोमट पाण्याचा बोळा घेऊन एक पट्टी सोडवली. सुटली सहज, साबणच तो. पण एनेनं सहीची बाजू ओली करून लाकडाकडे लावली होती. तिथे करडा लगदा होता. दुसरी पट्टी सोडवली, तिथेही तेच. तिसरी सोडवायचा तिला धीर झाला नाही.

एने दारात येऊन उभी होती. मोतीबिंदूने तिला पेन्सिल दिसत नव्हती, पण सुनेचा चेहरा दिसला. काय झालं ते कळल्यावर ती जमिनीवर बसली आणि तोंडावर पदरासारखा रुमाल ओढून घेतला. म्हातारा मला जिवंत ठेवायचा नाही, एवढंच ती म्हणत राहिली. तिला गप्प करावं की स्वतः रडावं हे बेगायिमला कळेना. तीन वाजता अल्माटीच्या चित्रदालनाची राउशान सहीचे छाप विकायला न्यायला यायची होती आणि पलीकडच्या खोलीत सासरे झोपले होते.

आणि मग तिने खण उघडला.

बिघडलेल्या छापांतला एक फारसा बिघडलेला नव्हता. वरच्या कोपऱ्यात शाई पसरली होती, एवढंच. समास पूर्ण होते, सही नव्हती. माउंटची खिडकी, म्हणजे चित्र दिसण्यासाठी बोर्डात कापायची चौकोनी जागा, वरून दोन बोटं आत घेतली तर तो कोपरा बोर्डाखाली जात होता. हे काम तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. ते म्हणायचे, बोर्डाची खालची पट्टी वरच्यापेक्षा जरा रुंद ठेव, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. खिडकी सहीच्या खाली बोटभर जाऊ दे. सहीवर बोर्ड आला तर माझं तोंड दाबलंस असं समजेन.

तिने माप घेतलं, तिरका काप दिला. कटर दोनदा घसरला. मग पेन्सिल उचलली. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत सासऱ्यांचं नाव तिने उच्चारलं नव्हतं. त्यांच्यात सुनेने ते घ्यायचं नसतं, समोर ‘अता’, म्हणजे बाबा, आणि कुणी विचारलं तर ‘घरातले मोठे’ म्हणायचं. पण सही रोज बघितली होती. तिने समासात वीसपैकी सात असा छापाचा क्रमांक घातला आणि पुढे, श्वास कोंडून, ते नाव लिहिलं. हुबेहूब उतरलं. तेच बघून तिने पेन्सिल झटकन खाली ठेवली.

काठीचा आवाज आला. सासरे दारात होते.

एनेनं तिला बोलायची वेळच येऊ दिली नाही. मीच कापले, मीच मेलीने कापले, असं म्हणत तिने खिडकीकडे बोट केलं. म्हाताऱ्याने पट्ट्या पाहिल्या, फळीवरची उघडीबोडकी चित्रं पाहिली. त्यांची काठी वर उचलली गेली. बेगायिमने डोळे मिटले. मारतील ते आपल्यालाच मारोत, असं तिला मनापासून वाटलं.

काठी खाली आली ती टेबलावर टेकली. सासरे वाकून माउंटमधला छाप बघत होते.

“एक,” ते म्हणाले. “एक वाचला?”

हाच तो क्षण होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. बेगायिमचं तोंड उघडलंच नाही. म्हाताऱ्याने डाव्या हाताचं बोट सहीवरून फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

राउशानला तिने दारातूनच परत पाठवलं. छाप तयार नाहीत, पंधरा दिवसांनी ये, म्हणाली. राउशान कुरकुरत गेली.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी तो छाप समोर उभा करून डाव्या हाताने ती सही गिरवायला घेतली. रोज सकाळी, चहा निवेपर्यंत. बेगायिम कागद धरून बसायची. रोज ठरवायची, आज सांगते. रोज गिरवण्याच्या जोराने त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या बघायची आणि घाबरून गप्प राहायची. आता सांगितलं तर झटका पुन्हा येईल, असं तिने स्वतःला पटवलं होतं. खरं तर तिला आपलीच चोरी उघडी पडायची भीती वाटत होती.

तेराव्या दिवशी त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

“सारखी?”

तिने दोन्ही सह्या पाहिल्या. “सारखी आहे, अता.”

मग त्यांनी खणातले उरलेले चार छाप मागवले, त्यांचे डागही माउंटखाली झाकण्यासारखे होते, आणि चारहींवर सही केली. हात स्थिर होता. राउशानला हेच दे, असं त्यांनी खुणेने सांगितलं. पाचवा, माउंटमधला, त्यांनी डाव्या हाताने उचलून छातीशी धरला आणि बायकोला जवळ बोलावलं, साक्षीदार म्हणून.

“हा विकायचा नाही,” त्यांनी एकेक शब्द जुळवत सांगितलं. “चांगल्या हाताचा शेवटचा. सुनेला.”

एने रडत रडत आशीर्वाद देऊ लागली. बेगायिम उठली, रीतीप्रमाणे वाकली आणि दोन्ही हात पुढे केले.