खरकटं नावाचा फोल्डर

बीशियाला दुसऱ्याच्या कामात खोड काढण्याचा पगार मिळत असे. तिची नणंद म्हणायची, "हे काम तर तू फुकटसुद्धा केलं असतंस!" तायपेजवळ शिनदिएनला नदीकाठच्या एका जुन्या कारखानावजा इमारतीत तिची कंपनी होती. घरगुती व्हिडिओ टेपांची डीव्हीडी करून देणारं सॉफ्टवेअर तिथे बनत असे. प्रोग्रामर ते लिहायचे आणि बीशिया ते मोडून दाखवायची. आवाज चित्राच्या मागे पडतो, मेन्यूतलं एक बटण दाबावं तर भलताच भाग सुरू होतो, डिस्क नीट लिहिली जात असते आणि ऐन शेवटाला माती खाते. जगभरातून येणाऱ्या असल्या तक्रारी ती आधी स्वतः घडवून बघायची, मगच पुढे पाठवायची.

त्या वर्षीची सगळ्यात गाजलेली सुधारणा मात्र तिच्याच डोक्यातून निघालेली. गिऱ्हाइकं सारखी कुरकुरत होती, की कॅमेरा धरणारा माणूस माइकला सगळ्यात जवळ, त्यामुळे पोरांच्या बोलण्यापेक्षा त्याचंच धापा टाकणं, खाकरणं आणि 'इकडे बघ, इकडे बघ' जास्त ऐकू येतं. बीशिया मीटिंगमध्ये म्हणाली, "मग त्याचा आवाजच काढून टाकायची सोय करू. एक बटण दाबलं की गेला." पान नावाचे मॅनेजर टेबलावर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हणतात डोकं!" आखाई नावाच्या प्रोग्रामरने तो आवाज वगळणारी गाळणी लिहिली, बटणाला 'निर्मळ आवाज' असं नाव पडलं आणि सगळ्यांनी मिळून बदकाचं मटण हाणलं.

तो काढून टाकलेला माणूस कुणाचा तरी कुणी असेल, हे त्या अख्ख्या मजल्यावर एकालाही सुचलं नाही. उभा जन्म पडद्याकडे बघण्यात गेलेली माणसं ती. जो चित्रात नाही तो त्यांच्या लेखी बिघाड. अशी चूक करायला व्हिडिओवाल्याचंच डोकं लागतं, साध्या माणसाच्या हातून ती होणार नाही.

गाळणी तपासायला खऱ्या घरगुती टेपा हव्या होत्या. बीशियाने घरून खोकं आणलं. तिचा नवरा तिएनशुई विजेच्या ऑफिसात कारकून होता. एका नववर्षाच्या बोनसमधून त्याने कॅमेरा घेतला, त्यावरून घरात यथास्थित भांडण झालं, आणि त्यानंतर तो कॅमेरा त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती म्हणून दिला नाही. त्यामुळे त्या खोक्यात लेक यूफान होती, बीशिया होती, सासूबाई होत्या, शेजाऱ्यांचं कुत्रंही होतं. तिएनशुईचा मात्र फार तर कधी अंगठा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या यकृताने दगा दिला आणि तो गेला.

तायपेची ओल टेपांना सोडत नाही. सगळ्यांवर पांढरी बुरशी चढली होती. आखाई म्हणाला होता, "ताई, ह्या एकदाच चालतील, दुसऱ्यांदा फाटतील." तेव्हा टेप चालू असतानाच गाळणी लावून त्या उतरवून घेतल्या. चित्र सुरेख आलं. मग एका संध्याकाळी कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत गल्लीत आली, तेव्हा बीशियाने त्या निकामी टेपांची पिशवी खाली नेली आणि शेजारणीशी कोबीच्या भावाबद्दल बोलता बोलता गाडीत टाकली.

पुढे यूफानचं लग्न ठरलं. लग्नाच्या जेवणावळीत नवरा-नवरीच्या लहानपणाची फिल्म दाखवायची असते, तिच्यासाठी तुकडे निवडायला ती रविवारी आईकडे आली. पेरू चिरत सोफ्यावर बसली आणि डिस्क लावली.

पडद्यावर पानचियाओच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर उमटलं. तरुण बीशिया कढईशी उभी होती. काहीतरी बोलली, थांबली, लाजून हसली, कॅमेऱ्याकडे उलथणं रोखून म्हणाली, "पुन्हा म्हणून तर बघ!" पुन्हा थांबली, आणि मग तोंडावर हात धरून खो खो हसत सुटली. आवाज होता तो तिचा, कढईचा आणि भिंतीवरच्या पंख्याचा. बाकी काही नाही.

यूफानने सुरी खाली ठेवली. "आई, तू बोलतेयस कुणाशी?"

बीशियाने रिमोट घेऊन आवाज वाढवला. आणखी वाढवला. पंखा भणभणायला लागला, आणि त्या भणभणाटात ती बाई रिकाम्या खोलीशी गप्पा मारत वेड्यासारखी हसत राहिली.

"तुझ्या बाबांशी."

"मग बाबा का बोलत नाहीत?"

"मीच पुसलं त्याला," बीशिया म्हणाली. "बटण दाबून."

तिएनशुईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनच्या यंत्रात एक निरोप होता, तो फोन बदलताना गेला. आणि गेलं वर्षभर बीशियाला एक धसका बसला होता, जो तिने कुणाला सांगितला नव्हता. तो काय काय बोलायचा ते तिला शब्दन् शब्द आठवे, पण मनात म्हणून बघितलं की ते तिच्या स्वतःच्याच आवाजात येई. त्याचा आवाज एकदा, फक्त एकदा कानावर पडावा म्हणून तिचा जीव तुटत होता. टेपा आहेत, डिस्का आहेत, कधीही ऐकता येईल, ह्या भरवशावर तिने ते ऐकणं राखून ठेवलं होतं.

"असू दे गं," यूफान हळूच म्हणाली. "नाहीतरी फिल्मखाली गाणंच लावतात. सगळे तेच करतात."

"गाणं कशाला? तुझा बाप गवई होता का?"

यूफान पेरूची ताटली आईकडे सरकवून तिच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणानंतरची झोपेची वेळ झाली. दिवे घालवले होते आणि सगळे टेबलावर डोकं टेकून पसरले होते. आखाई तर घरून उशी आणणाऱ्यांतला. बीशियाने त्याला गदागदा हलवलं.

"आखाई, ऊठ."

"आग लागलीय का ताई?"

"गाळणीने काढलेला आवाज परत आणता येतो?"

"काढलेला परत कसा येईल? काढायला तर मला पगार देतात." तो जांभई देत म्हणाला. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि उशी बाजूला ठेवली. "कुणाचा आवाज?"

"तुझ्या दाजींचा."

आखाईच्या गालावर उशीची घडी उमटली होती. तो ती बराच वेळ चोळत बसला. "ताई, गाळणी जास्त तर काढत नाही ना, हे ऐकून बघायला मी काढलेलं वेगळं साठवायचो. पण त्या फोल्डरचं नाव... म्हणजे तुम्ही रागावू नका."

त्याने स्क्रीनवर फोल्डर उघडून दाखवला. नाव होतं 'खरकटं'.

"गाडी आली की आपण खरकटं वेगळ्या बादलीत टाकतो ना, म्हणून गमतीत..."

"नाव राहू दे. आत आहे का काही? दर शुक्रवारी फेकायचं असतं ना ते?"

"फेकायचं असतं. पान साहेब ओरडतातसुद्धा. पण ताई, मी घरचं खरकटं कधी वेळेवर फेकत नाही, बायकोला विचारा. इथलं काय फेकणार!"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. रात्रभर जिच्यासाठी ती उशी भिजवत होती ती गोष्ट तिच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर, पाठीमागच्या फळीपलीकडे पडून होती. सगळ्या टेपा मात्र नव्हत्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवलेल्यांचं खरकटं नवी आवृत्ती चढवताना गेलं होतं. समुद्रकिनारा गेला, शाळेतल्या धावण्याच्या शर्यती गेल्या. स्वयंपाकघर राहिलं होतं.

बीशियाने हेडफोन कानाला लावले.

आधी नुसता श्वास आला. नाकातून शिट्टीसारखा आवाज करणारा, सर्दी झालेला श्वास. त्या श्वासावरून ती संसारभर वैतागली होती. मग खाकरणं, आणि मग तो म्हणाला, "नाही गं, तू बोल. मी ऐकतोय." तिने दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले. रडू आलं ते तिने आवरलंही नाही. आखाई उठून पाणी आणायला म्हणून गेला आणि शहाण्यासारखा लवकर परतला नाही.

विचित्र प्रकार होता. डिस्कवर ती कुणाशीही नसल्यासारखी बोलत होती, आणि खरकट्यात तो कुणीही न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होता. "हो, आणलं." "तुझ्या भावाला सांग ना मग." "ह्यापेक्षा माझी आई बरी करते." ह्याच वाक्यावर उलथणं उगारलं गेलं होतं.

"दोन्ही एकत्र केले की झालं," आखाई म्हणाला. पण झालं नाही. जिथे जिथे बुरशी होती तिथे टेप अडखळली होती. चित्राने ते सांभाळून घेतलं होतं, खरकट्याने नाही. त्यामुळे तिएनशुई मागे मागे पडत गेला. बीशिया विचारून, उत्तर ऐकून, हसून मोकळी होई, आणि मग तो सावकाश म्हणे, "हो, आणलं."

"जिवंतपणीही असाच होता," बीशिया म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. "सकाळी विचारावं, दुपारी 'काय म्हणालीस?'"

"हाताने जुळवावं लागेल," आखाई डोकं खाजवत म्हणाला. "पण आपण जुळवतो ते ओठांवरून. दाजींचे ओठच चित्रात नाहीत. जुळवायचं कशाशी?"

"माझ्या तोंडाशी," बीशिया म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी झोपेसाठी दिवे घालवले की ती स्क्रीनपुढे बसे आणि आपल्याच तरुण चेहऱ्याकडे बघत राही. हसू फुटण्याच्या जरा आधी त्या मुलीच्या भुवया वर जात. तिथे त्याचं वाक्य संपलेलं असणार. ती मान कलती करी. तिथे ते सुरू झालेलं असणार. एकेक वाक्य उचलून ती तिथे नेऊन बसवी, आणि ते बसलं की दोघांचं बोलणं पुन्हा वाहायला लागे. आपण त्याचं ऐकताना अशा दिसायचो हे तिला कधी माहीतच नव्हतं. ते बघणारा एकटा तोच होता.

सगळी वाक्यं बसली. एक उरलं.

त्या वाक्यात तो अगदी हलक्या आवाजात म्हणत होता, "बीशिया, जरा इकडे बघ ना." डिस्कवर ह्या सुमाराला ती पाठमोरी होती, कढईत हिरव्या भाजीवर लसूण पडत होता आणि चरचर आवाज होत होता. बीशियाने वाक्य थोडं अलीकडे ठेवून पाहिलं. थोडं पलीकडे ठेवून पाहिलं. भुवई नाही, मान नाही, काही नाही. कुठेही ठेवलं तरी ती बाई वळत नव्हती. तिने ते ऐकलंच नव्हतं.

"मागे वळ गं बाई!" बीशिया स्क्रीनला म्हणाली. "एवढी काय भाजी जळतेय का तुझी?"

"ताई," आखाई कचरत म्हणाला, "हे एक गाळू या का?"

"पुन्हा गाळू?" ती म्हणाली.

लग्नाची जेवणावळ नेहमीसारखी उशिराच सुरू झाली. मुख्य टेबलावर मानाच्या खुर्चीत बीशियाचा थोरला भाऊ, शेजारी व्याही-विहीण, मग बीशिया. थंड पदार्थांचं ताट फिरलं, दिवे मंद झाले आणि फिल्म सुरू झाली. गाणं नव्हतं. भाऊ वाकून कुजबुजला, "आवाजात काहीतरी बिघाड आहे गं, कुणीतरी धापा टाकतंय."

"टाकू दे," बीशिया म्हणाली. "तुझे मेहुणे आहेत ते."

भावाच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. "माझी आई बरी करते" ह्यावर हॉल खदखदून हसला. स्टेजजवळ यूफान लाल पोशाखात उभी होती. मेकअप बिघडू नये म्हणून ती डोळे वर करून छताकडे बघत होती, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग चित्र संपलं. पडदा काळा झाला, लोक टाळ्या वाजवायला लागले. बीशिया मात्र ताठ बसून होती. ज्या वाक्याला चित्रात जागा मिळाली नाही ते तिने इथे, काळ्या पडद्यावर ठेवलं होतं. स्वतःच्या हाताने ठेवलं होतं. ते येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बीशिया, जरा इकडे बघ ना."

आणि ती वळली. चटकन, खुर्ची करकरावी इतक्या जोरात वळली. मागे माशाच्या सूपचं मोठं भांडं घेऊन वाढपी उभा होता.

"काही हवंय का मावशी?" त्याने विचारलं.

"काही नाही," बीशिया म्हणाली. "मला हाक मारली होती."