कांजिण्या आणि पौर्णिमेचं भाषण

कचरूआबांना दोन गोष्टींचा भारी राग. एक, वाकडं अक्षर. दुसरी, घरातला देवदेव. पहिला राग धंद्यातून आलेला. चाळीस वर्षं त्यांनी गुलमंडीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, त्यामुळे रस्त्यानं जाताना एखादं अक्षर कललेलं दिसलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. दुसरा राग वारशानं मिळालेला. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले, आणि तेव्हापासून या घरात देवाचं नाव निघायचं बंद झालं. आबांच्या पत्नी भामाबाई कधी कमरेत उसण भरली की चुकून ‘देवा रे’ म्हणत. आबांच्या भुवया लगेच वर जात.

“आवो, त्वांडातून निघतं,” भामाबाई म्हणत. “त्याची काय पावती फाडता का?”

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मात्र आबांचा मिजाज काही औरच होता. नात विशाखा, वय वर्षं आठ, हर्सूलच्या विहारात संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भाषण करणार होती. विषय होता महाउपासिका विशाखा. बुद्धाकडे स्वतःसाठी काही न मागता आजाऱ्यांच्या औषधपाण्याची परवानगी मागणारी ती थोर बाई, आणि तिचंच नाव नातीला ठेवलेलं. महिनाभर आबा रोज सकाळी तिला गच्चीवर उभं करत आणि स्वतः पाण्याच्या टाकीपाशी बसून श्रोते होत. ती अडखळली की पुढचं वाक्य आबाच सांगत. शेवटी शेवटी अशी गत झाली, की पोरीला भाषण जेवढं पाठ त्याहून आबांना जास्त पाठ.

यात आबांचा एक जुना सल होता, तोही सांगून टाकतो. विहाराच्या प्रत्येक कार्यक्रमाचा कापडी फलक आबाच रंगवायचे. शहरभर फ्लेक्स झाले, तरी विहारानं आबांचा कुंचला सोडला नव्हता. किती वक्त्यांची नावं त्यांनी हातभर अक्षरांत काढली असतील, त्याला गणती नाही. स्वतःचं नाव मात्र खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. यंदा पहिल्यांदा घरातलं नाव मोठ्या अक्षरांत आलं होतं. ‘वक्ता : कु. विशाखा’ एवढं रंगवायला त्यांनी तीन दिवस लावले होते.

आणि नेमक्या पौर्णिमेच्या सकाळी भामाबाई नातीला अंघोळ घालता घालता थांबल्या. पोरीच्या पोटावर आणि पाठीवर लालसर पुळ्या होत्या. दोन-चार तर पाण्यानं टच्च भरलेल्या.

“बाया आल्यात,” भामाबाई कांजिण्यांचं गावाकडचं नाव घेत म्हणाल्या.

“घामोळ्या असतील,” आबा बाहेरून म्हणाले.

“घामोळ्याला पाणी भरत नसतं. अंग बी कोमट लागतंय.”

घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मुलगा राजकुमार आणि सून सरिता दोघंही वाळूजला कामावर गेलेली. कंपनीच्या यंत्रांना पौर्णिमा कळत नाही. भामाबाईंनी मग कुणाला न विचारता आपल्या पद्धतीनं कामाला सुरुवात केली. विशाखाला सुती फ्रॉक घातला, आतल्या खोलीत निजवलं, आज फोडणी करायची नाही असं जाहीर केलं आणि शेजारच्या कडुनिंबाची एक डहाळी आणून दाराच्या चौकटीला खोचली.

ती डहाळी आबांच्या नजरेला पडायचा अवकाश. आबांचा पारा असा चढला, की विचारू नका.

“हे काय? माझ्या दारात? बापानं देव काढले ते परत निंबाच्या वाटेनं आत घेते का? देवी-फिवी काय नसतं! विषाणू असतो, विषाणू!”

“असंल की. मी कुठं नाय म्हणते?”

आबांनी तरातरा फोन काढला, पुळ्यांचा फोटो घरच्या डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. “आबा, कांजिण्या आहेत. घाबरायचं कारण नाही, औषध लिहून पाठवतो. पण सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत पोरीला घराबाहेर काढायचं नाही. हा आजार हवेतून पसरतो. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना तर फार जपायचं, त्यांना धोका असतो. तुम्हाला येऊन गेल्यात ना?”

“लहानपणीच,” आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीला औषध दिलं असतं आणि विहारात निरोप धाडला असता. आबा शहाणे होतेच, पण त्यांचा शहाणपणा दाराच्या चौकटीत अडकला होता. आज पोर घरी राहिली, तर गल्लीत काय बोलतील? कचरू पेंटरच्या घरी बाया आल्या, दाराला निंब लागला, म्हणून नात भाषणाला आली नाही. जन्मभर ज्याच्याशी भांडलो, त्याच्याच पुढे मान तुकवल्यासारखं होईल. दुपारपर्यंत हे विचार त्यांच्या डोक्यात घोळले, आणि त्यातून एक युक्ती निघाली. पाच मिनिटांचं तर भाषण. पोरीला एकदम वेळेवर न्यायचं, लांबूनच माईकपुढे उभं करायचं, भाषण झालं की लगेच माघारी. ताप उतरलाच होता. पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्या कपड्यांत काय दिसणार आहे?

विशाखाला काय, ती एका पायावर तयार. अंग खाजवत खाजवत तिनं वेण्यासुद्धा घालून घेतल्या.

भामाबाई मात्र दारात आडव्या उभ्या राहिल्या. “नगा नेऊ पोरीला.”

“कोण म्हणतं नको नेऊ? डॉक्टर का तुझी देवी?”

“दोघं बी तेच म्हणत्यात की.”

आबांनी किक मारून स्कूटर चालू केली.

विहाराच्या फाटकाशी गर्दी जमत होती. पांढरे कपडे, खिरीच्या पातेल्यावर उडणारी वाफ, आणि आत कार्यक्रमाचा सचिव धम्मपाल माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होता. आबांनी स्कूटर लावली आणि वर पाहिलं. फलक झकास लागला होता. नातीचं नाव लांबूनही स्वच्छ वाचता येत होतं. आबांनी ते दोनदा वाचलं.

तेवढ्यात विशाखानं मान कराकरा खाजवली. कॉलर बाजूला झाली. कडेवर नातू घेतलेली एक म्हातारी जवळच उभी होती, तिला मानेवरचा टपोरा फोड दिसला.

“अगं बाई, बाया की गं!” म्हातारी म्हणाली, आणि तिनं चक्क विहाराच्या फाटकात पोरीला हात जोडले.

झालं! आबांना पाहिजे होतं तेच मिळालं. देवी कशी नसते, विषाणू कसा असतो, आपल्या लोकांनी हे कधी सोडायचं, असं खणखणीत सुनवायला त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं, की हात जोडता जोडता म्हातारी चार पावलं मागे सरली होती, नातवाचं तोंड पदरानं झाकून. विषाणू न मानणारी बाई पोराला घेऊन लांब झाली होती. विषाणू मानणारा कचरू त्याच विषाणूला स्कूटरवर बसवून घेऊन आला होता.

आबांनी उघडलेलं तोंड मिटलं. आणि त्याच वेळी मांडवातून हाक आली, “आली का माझी वक्ती!”

धम्मपालची बायको श्रेया येत होती. तिला सातवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, किती दवाखाने पालथे घातल्यावर आलेला हा सातवा महिना. अख्खी वस्ती तिला फुलासारखी जपत होती. पाळण्याला रंग द्यायचं आबांनी आपण होऊन कबूल केलं होतं. ती दोन्ही हात पसरून, हसत, विशाखाकडे येत होती.

“थांब!” आबा ओरडले. आयुष्यात ते एवढ्यानं कधी ओरडले नव्हते. “श्रेया, तिथंच थांब! जवळ येऊ नको! पोरीला कांजिण्या आल्यात!”

श्रेया दहा-बारा हातांवर थबकली, तिचा हात आपोआप पोटावर गेला. आबांनी पोरीला उचलून स्कूटरवर बसवलं आणि मागे न बघता घर गाठलं.

घरी आल्यावर ते ओसरीवर मटकन बसले. विशाखा हमसून हमसून रडत होती. भामाबाईंनी तिला आत नेलं, अंगाला थंड पाण्याची घडी लावली आणि परत येऊन नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ‘मी म्हणत नव्हते?’ असं त्या म्हणाल्या असत्या तर आबांना बरं वाटलं असतं.

“निंब देवीसाठी नव्हता लावला,” त्या सावकाश बोलल्या. “माझ्या आईला कुठं लिवता येत व्हतं? आन गल्लीत तरी वाचता कुणाला येत व्हतं? दाराला डहाळी दिसली की लोक समजायचे, इथं पोर आजारी हाय, आत शिरायचं नाय. तेवढंच.”

आबा डहाळीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसाला आपल्याच दारावरची पाटी वाचता आली नव्हती.

थोड्या वेळानं धम्मपालचा फोन आला. डॉक्टरांना विचारलं होतं. उघड्यावर, एवढ्या लांबून, क्षणभरच, आणि श्रेयाला लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, तेव्हा काळजी नाही. “पण आबा,” तो म्हणाला, “फलकावर नाव आहे. लोक वक्त्याबद्दल विचारतायत. काय सांगू?”

आतून विशाखाचा रडवेला आवाज आला, “आबा, तुम्ही जा. तुम्हाला सगळं पाठ आहे.”

आबांनी अंघोळ केली, कपडे बदलले आणि पायी विहारात गेले. जन्मात माईकला हात न लावलेला माणूस माईकपुढे उभा राहिला. समोर दीडशे माणसं बसलेली. सवयीनं तोंडातून निघालं, “माझं नाव विशाखा. मी तिसरी पास झाले आहे.”

मांडव हसून लोटपोट झाला. त्या हसण्यानं आबांना जरा धीर आला. ते पुढे बोलत गेले, नातीच्या वाक्यांतून, नातीच्या चढ-उतारांसकट. विशाखा किती श्रीमंत होती, तिनं बुद्धाकडे काय काय मागितलं, ते सांगितलं. “आजाऱ्याला औषध मिळावं,” आबा म्हणाले. “आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला अन्न मिळावं.” आणि तिथं ते अडकले. महिनाभर हेच वाक्य ते पोरीकडून घोकून घेत होते. आज ते पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या कानावर पडलं.

“पुढचं मला पाठ आहे,” ते म्हणाले. “पण आधी एक सांगतो. आज माझी नात आजारी होती. डॉक्टरांनी बाहेर नेऊ नको म्हणून सांगितलं होतं, घरच्यांनी पण सांगितलं होतं. तरी मी तिला इथं आणलं. कारण काय, तर माझी मान वर राहावी. फाटकापाशी जी लेकरं तिच्या जवळ होती, त्यांच्याकडे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. फोड दिसला तर घरात ठेवा, डॉक्टरला दाखवा. चूक माझी हाय. माफ करा.”

मग बायकांच्या बाजूनं श्रेयाचा आवाज आला, “आबा, राहिलेलं भाषण पूर्ण करा. आमची वक्ती विचारणार आहे.” आबांनी ते पूर्ण केलं, एक शब्द न गाळता. टाळ्या अशा पडल्या, की त्यांना कुठं बघावं ते कळेना.

खिरीचा डबा घेऊन ते घरी आले, तेव्हा भामाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

“काय झालं मग?” भामाबाईंनी विचारलं.

“झालं भाषण. टाळ्या पडल्या.” आबांनी डबा खाली ठेवला. “आन सांगून टाकलं, की माझं चुकलं म्हणून.”

भामाबाईंची बोटं सुपात थांबली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

“कुठं सांगितलं?”

“माईकवर. सगळ्यांसमोर.”

“दीडशे माणसांनी ऐकलं म्हना,” भामाबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि श्रोत्यासारख्या ताठ बसल्या. “आता एकदा बिगर माईकचं सांगा.”

आबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग भामाबाईंच्या डोळ्यांत बघून त्यांनी ते सांगितलं. आवाज इतका बारीक होता, की बाहेर कुणाचा पाय वाजला असता, तरी तेवढ्यानंही तो बुडाला असता. पण आतल्या खोलीत कुणाचे तरी कान तिखट होते. तिथून दोन चिमुकल्या हातांच्या टाळ्या आल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.