डावीकडे ओढणारी गाडी

जरा थांबा. माझ्यावर पिशवी ठेवण्याआधी विचारलंत का? नाही ना. कोणीच विचारत नाही. मी हातगाडी. मोरोक्कोतल्या एसाविराच्या जुन्या गावात मोटारींना मज्जाव, म्हणून आल्यागेल्याचं सामान वाहायला आमची जात. वय विचारू नका, बायकांना आणि गाड्यांना ते विचारत नाहीत. शिक्षण म्हणाल तर शाळेच्या फाटकाबाहेर उभी असताना जेवढं कानावर पडलं तेवढंच. पाढे निम्मे येतात, शिव्या पुऱ्या.

मला घडवलं बंदरावरच्या एका लोहाराने. सांगाडा लोखंडाचा आणि पाठ मोडीत निघालेल्या होडीच्या निळ्या फळ्यांची. त्यामुळे मी स्वतःला अर्धी होडी समजते. ऊन तापलं की माझ्या फळ्यांना अजून सार्डिन माशांचा वास येतो, मग गावातली मांजरं माझ्याशी फार आदराने वागतात. लोहार माणूस भला, पण चिक्कू. उजवं चाक त्याने एका मोडक्या फटफटीचं लावलं आणि डावं कुठल्याशा पोराच्या सायकलचं, बोटभर बुटकं. तेव्हापासून मी डावीकडे ओढते. लोक त्याला खोड म्हणतात. मी स्वभाव म्हणते.

बूजमाने मला घेतलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि तोंड दिवसभर चालू असायचं. वेशीवरच्या रांगेत उभा राहून तो सगळ्यांच्या खोड्या काढायचा. शेजारच्या मईलूदला म्हणायचा, तुझी गाडी गाढवाला जुंपली असती तर गाढवाने नकार दिला असता. मईलूद म्हणायचा, म्हणूनच तर तुला जुंपलंय तुझ्या गाडीला. दोघांचं हे रोज चालायचं आणि रोज नवीन असल्यासारखे दोघेही हसायचे.

काय काय वाहिलं मी! नवऱ्यामुलीच्या गाद्या, कोरीव टेबलं, ईदची मेंढरं. मेंढरांनी माझ्यावर काय केलं ते सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल. पण जास्त करून पाहुण्यांच्या बॅगा. एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. माणूस जितक्या कमी दिवसांसाठी येतो, तितकी त्याची बॅग जड. आणि आत शिरल्यावर पहिलं निळं दार दिसलं की फोटो. दारामागची बाई धुण्याची बादली घेऊन ताटकळत असते, की हे लोक हलले की बाहेर पडू.

उन्हाळाभर आमच्याकडे वारा घोंघावतो. टोप्या उडवतो, डोळ्यांत वाळू भरतो, माणसांना चिडचिडं करतो. सप्टेंबर सरत आला की तो दमतो. सुट्टीवाली पोरंबाळं परत जातात, समुद्र शहाण्यासारखा वागू लागतो, आणि मागाहून येतात ते पाहुणे हळू चालणारे असतात. ओझी कमी आणि वाट पाहणं जास्त. माझ्या लोखंडात जो थकवा असतो तो मला याच दिवसांत कळतो. कामात असताना कोणाला कळतोय?

बूजमाचंही तसंच. यंदा त्याचा गुडघा असा सुजला की दोन बॅगांना तो तीनदा थांबायचा. थांबायचा आणि पाहुण्याला कुठलीतरी भिंत दाखवायचा. पाहुण्याला वाटायचं, भिंत बघण्यासारखी असेल. तोही बघायचा.

आता आमच्या रांगेचा कायदा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेशीवर गाड्या एकामागे एक लागतात आणि गाडी उभी म्हणजे माणूस उभा. माणूस चहाला जावो, नमाजाला जावो, त्याच्या गाडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही आणि त्याचं गिऱ्हाईक उचलायचं नाही. मात्र गाडी पहिल्या नंबरावर आली, गिऱ्हाईक आलं आणि माणूस जागेवर नसला, तर ती गाडी रांगेतून कायमची बाद. खुर्ची टाकून बसलेला मुकादम तय्यबी यात स्वतःच्या भावालाही सूट देत नसे. जागेसाठी मईलूदचा मेहुणा इद्दर केव्हाचा थांबला होता. त्याची होडी बंदरात पडून होती आणि घरात खाणारी तोंडं होती. पण बूजमासाठी ती जागा म्हणजे सगळंच होतं. जागा गेली की तो वेशीवर कोण? एक म्हातारा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत उभा असलेला.

त्या दिवशी सकाळी त्याने मला रांगेत लावलं आणि गुडघ्याला तेल चोळून येतो म्हणून घरी गेला. घरी फादमा. ती त्याची बायको, आणि गावात फक्त तिच्यापुढेच हा एवढा जिभेचा माणूस गप्प बसायचा. तिने तेल चोळलं, उशी दिली, आणि तो डोळे मिटून पडल्यावर त्याच्या चपला लपवून ठेवल्या. म्हणाली, आज पाय बाहेर पडणार नाही.

इकडे रांग सरकू लागली. मईलूद माझ्या मागे. माझ्यापुढे फट पडून बूजमाचा नंबर जायला नको, पण हात लावायचा नाही हा कायदा, म्हणून तो मुकादमाची नजर चुकवून मला पायाने ढकलायचा. प्रत्येक गिऱ्हाईकामागे एक लाथ. मी म्हटलं, बाबा, मैत्री बूजमाशी आणि लाथा मला. करता करता मी पहिल्या नंबरावर. मईलूद गल्लीकडे बघतोय, बूजमाचा पत्ता नाही.

आणि तेवढ्यात ती आली. इब्तिसाम. आईबाप आमच्याकडचे, पण ती बेल्जियममध्ये वाढलेली. आमची भाषा बोलायची ती अशी की शब्द बरोबर आणि सूर पाहुण्याचा. सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर एकटीच गाव बघायला आली होती. तिने पाहिलं, बाकीच्या गाड्यांवर कोणीतरी रेललंय आणि मी मोकळी. तिला वाटलं, विमानतळावर असतात तशीच ही. बॅग ठेवली, दांडे धरले आणि निघाली.

अख्खी रांग दगड झाली. आजवर असं कोणी केलं नव्हतं, त्यामुळे त्यावर कायदाही नव्हता. थांबवायचं तर गाडीला हात लागतो, बॅग घ्यायची तर दुसऱ्याचं गिऱ्हाईक उचलल्यासारखं होतं. मग काय, सगळे तिच्या मागे चालू लागले. सर्वांत पुढे मईलूद, मागे हमाल, त्यांच्या मागे खुर्ची काखोटीला मारून मुकादम. मईलूद मागून सांगतोय की बाई, ही बूजमाची गाडी. तिला वाटलं, हे भाडं मागतायत. मान न वळवता ती म्हणाली की मदत नको, आणि पाय उचलले.

तिला जायचं होतं उजवीकडे. मी कुठे जाणार हे तुम्हाला ठाऊकच आहे. बिचारी सगळं अंग टाकून मला वळवत होती आणि मी खुशाल डावीकडे. पहिल्या वळणाला डावीकडे, पावाच्या भट्टीपाशी पुन्हा डावीकडे, की आलंच बूजमाचं दार. बूजमाचं घर भलत्या बाजूला असतं तर माझ्या स्वभावाचं काय कौतुक राहिलं असतं, देव जाणे.

गलका ऐकून फादमाने दार उघडलं. पाहते तो अर्धी वेस दारात. तिच्या काखेखालून बूजमा बाहेर आला, अनवाणी, एका पायावर लंगडत.

मुकादमाने तिथेच खुर्ची मांडली. "बूजमा, गाडी पहिल्या नंबरावर होती. गिऱ्हाईक आलं. तू नव्हतास."

बूजमाने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, घामाघूम झालेल्या इब्तिसामकडे पाहिलं.

"गाडी कुठाय? माझ्या दारात. गिऱ्हाईक कुठाय? माझ्या दारात. मग मी गैरहजर कसा रे तय्यबी?"

हमाल खोकायला लागले. हसू दाबायला खोकल्यासारखं औषध नाही. मुकादमाने दाढी खाजवली. अखेर म्हणाला, बरं, पण बॅग अजून पोचलेली नाही. ती पोचली तर जागा तुझी.

बूजमाने दांडे धरले. भट्टीपर्यंत गेलो. पुढे चढ लागला आणि गुडघ्याने सांगितलं, बस. तो थांबला. दाखवायला भिंत होती, पण या खेपेला त्याने ती दाखवली नाही.

इब्तिसामला आता सगळं कळलं होतं. तिने त्याच्या हातांशेजारी आपले हात ठेवले. बूजमा हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, डावीकडे ओढते हं. उजव्या हाताने मागे खेच." आणि मग तो दांडे सोडून पुढे झाला, एक हात माझ्या फळीवर ठेवून, आणि रस्ता मोकळा करायला जी हाळी आम्ही देतो ती त्याने दिली. बालाक! त्या आवाजाने गल्लीतली मांजरं, कोंबड्या आणि फोटो काढणारे सगळे भिंतीला चिकटले. गुडघा गेला होता, गळा शाबूत होता.

बॅग पोचली. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं, जागा बूजमाची. सगळ्यांत जास्त आनंद मईलूदला झाला. मला मारलेल्या लाथांचं चीज झालं ना. इब्तिसामने चहा मागवला. बूजमा पायरीवर बसला. त्याने पेला घेतला, पण प्यायला नाही.

"तय्यबी, आता ती जागा माझीच ना?"

"तुझीच म्हणालो की."

"मग माझी आहे तोवर देऊन टाकतो. उद्यापासून तिथे इद्दर उभा राहील. तू काढून घेतली असतीस तर नुसती गेली असती."

मईलूद इकडेतिकडे बघत राहिला, जणू कोणीतरी टोमणा मारायचा राहिलाय. मग उठला, आणि रांगेचा कायदा मोडून माझ्या दांड्यांना हात घातला. बूजमाला माझ्यावर बसवलं. एवढं आयुष्य मी त्याच्या पुढे चालले, पण त्याचं वजन त्या दिवशी कळलं. फार नव्हतं.

इद्दरकडे स्वतःची गाडी आहे, नवी, दोन्ही चाकं सारखी. ती सरळ जाते. जाऊ दे बापडी.

मी आता बूजमाच्या दाराशी भिंतीला टेकून असते. फादमाने माझ्यावर डब्यांमध्ये पुदिना लावलाय. बूजमा दुपारी बाहेर येतो, पुदिन्याला पाणी घालतो, दोन्ही दांडे धरून उभा राहतो, आणि कोणी हाक मारल्यासारखा परत आत जातो. गावच्या हमामात आंघोळीचं पाणी तापवायची भट्टी पेटवणारा गडी मात्र हल्ली येताजाता माझ्या फळ्यांवरून हात फिरवतो. होडीचं लाकूड, चांगलं पेटतं म्हणे.

तुम्ही कधी वारा थांबल्यावर आमच्याकडे आलात, तर त्या भट्टीवाल्याला माझं एवढं सांगा. दमलेय, खरं आहे. पण दमलेल्याला बसायला सांगतात, चुलीत घालत नाहीत.