झेंड्याची नव्हे, खिडकीची काठी

मी एक जुनी काठी आहे. झेंड्याची नव्हे, खिडकीची. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कळलं तर तुम्ही म्हणाल, हिनेही लपवलं. आमच्या हॉलमध्ये संशय यायला हल्ली एवढंसुद्धा पुरतं.

माझा जन्म रिमूच्या लाकडातून झाला. रिमू म्हणजे न्यूझीलंडच्या रानातला उंच, सरळ वृक्ष. तिथल्याच अवोन्डेल नावाच्या उपनगरातल्या एका चर्चने हॉल बांधला, छताजवळ ऐटीत खिडक्या बसवल्या आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तिथवर कोणाचाच हात पोचत नाही. म्हणून मला तासलं आणि टोकाला पितळी आकडा बसवला. आकड्याने कडी ओढायची, खिडकी उघडायची, हवा आत घ्यायची. तेव्हाचे लोक मला तेल लावून, पुसून जागेवर ठेवत. पुढे हॉलमध्ये हीटर आले, खिडक्या बंद राहू लागल्या आणि माझी रवानगी स्टेजमागच्या अडगळीच्या खोलीत झाली. शेजारी मोडकं पिंगपाँगचं टेबल. त्याच्याशी बोलणार काय? मी संशयी झाले ती तिथेच.

मग रविवारी दुपारी हॉल भाड्याने घेऊन मराठी ख्रिस्ती मंडळी भरू लागली. पेटी, तबला, भजनं, प्रवचन आणि शेवटी चहा. चहाला उपस्थिती जास्त. पंधरा ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी त्यांची खास उपासना असे. देश स्वतंत्र झाला म्हणून देवाचे आभार मानायचे, तिरंगा हातात धरून प्रार्थना करायची. पहिल्या वर्षी तिरंगा आला, पण काठी कोणी आणली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आणेल. ही सवय माणसं समुद्र ओलांडतानाही सोबत नेतात.

तेव्हा बाळासाहेबांनी अडगळीत हात घालून मला बाहेर काढलं. बाळासाहेब मूळ नगरचे. पेनरोजच्या पाइपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. त्यांच्या पत्नी सरलाबाईंनी पिशवीतून परकराची नाडी काढून दिली आणि त्या नाडीने तिरंगा माझ्या आकड्याला बांधला गेला. बाळासाहेब मला छातीशी धरून प्रार्थना करत उभे राहिले. मित्रांनो, इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. साहजिकच मला संशय आला, की हा टिकायचा नाही.

तो टिकला. दरवर्षी मला बाळासाहेबच धरत. मग एका ऑगस्टमध्ये शमुवेल नावाचा तरुण पेढे घेऊन आला. त्याला न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळालं होतं. चहा घेऊन झाल्यावर त्याने सहज माझ्याकडे हात पुढे केला. म्हणाला, "काका, या वर्षी मी धरू?"

बाळासाहेब पेढा खात होते. तो त्यांनी पूर्ण खाल्ला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "अभिनंदन. पेढा उत्तम आहे. पण ज्याने पासपोर्ट बदलला, त्याने या काठीला हात लावायचा नाही."

सुशील पाळक साखर शोधू लागले. शमुवेल न्यू लिनच्या इंग्रजी चर्चमध्ये जाऊ लागला आणि इकडे फिरकला नाही. हा नियम मात्र मंडळीत राहिला. देवाचे नियमसुद्धा इतक्या काटेकोरपणे पाळलेले मी पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी बाळासाहेबांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ते बरे झाले, पण आवाज थोडा उतरला. आणि या जुलैच्या एका शनिवारी, हॉलमध्ये कोणी नसताना, ते अडगळीच्या खोलीत आले. अंगात कोट. हातात छोट्या कुंडीतलं एक रोपटं. ते त्यांनी पिंगपाँगच्या टेबलामागे ठेवलं, मला उचलून त्या खोलीची वरची खिडकी उघडली, रोपट्यावर उजेड पडतोय ना ते पाहिलं, आणि चोरासारखे निघून गेले.

मी रात्रंदिवस विचार केला. रोपटं वाढतं. वाढलं की झाड होतं. झाडाची काठी होते. माझ्या डोळ्यांदेखत माझी बदली वाढवली जात होती!

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले, रोपट्याला पाणी घातलं आणि त्याच्याशीच बोलू लागले. "शपथ घेतली रे बाबा. इंग्रजांच्या राजाच्या नावाने घेतली. या देशाने माझी छाती उघडली आणि नीट शिवून परत दिली. ती नर्स रोज सकाळी 'किया ओरा, बाला' असा इथला नमस्कार करायची, घरचं माणूस करेल तसा. किती दिवस पाहुण्यासारखं राहायचं? म्हणून घेतलं नागरिकत्व. समारंभात तुला हातात दिलं, फोटो काढले. आता येत्या ऑगस्टात त्याच राजघराण्याच्या तावडीतून सुटलो म्हणून देवाचे आभार मानायचेत, काठी धरून. आणि शमुवेलला काय बोललो होतो मी? लोकांना कळलं तर ही काठी पुन्हा माझ्या हातात कोण देईल?"

तेव्हा उलगडा झाला. ते कोफायचं रोप होतं, इथल्या पिवळ्या फुलांचं. नव्या नागरिकांना इथे असं रोपटं भेट देतात. काठी व्हायचा त्याचा विचार नव्हता. माझा संशय निम्मा झाला. निम्मा ठेवला, लागतो.

बाकीच्यांचा मात्र वाढतच गेला. इथे ऑगस्टमध्ये हिवाळा. अशा थंडीत खिडकी उघडी राहते, पाऊस आत येतो, अशी तक्रार हॉलच्या मालकांनी सुशील पाळकांकडे केली. पाळकांना संशय मंडळीतल्या जुईचा, कारण हॉलची किल्ली तिच्याकडे. जुईला संशय शनिवारच्या झुंबा क्लासचा, कारण त्यांना घाम येतो. झुंबावाल्यांना संशय भुताचा. बाळासाहेब सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले, "छे छे, हे कोणीतरी शोधलंच पाहिजे!"

त्यातच मला दिसलं ते कोणालाच दिसलं नाही. बुधवारी महिलांची प्रार्थना झाली की सरलाबाई गुपचूप खोलीत येत आणि त्या रोपट्याला तांब्याभर पाणी घालत. त्यांना सगळं ठाऊक होतं. नवरा हृदयाच्या तपासणीला जातो म्हणाला आणि कोटाला इस्त्री करून गेला, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. "सांगेल तेव्हा सांगेल," असं पुटपुटत त्या पाणी घालायच्या. शनिवारी नवरा, बुधवारी बायको. कोफायची पानं पिवळी पडू लागली आणि कुंडीखालून चिखलाचं पाणी दाराबाहेर वाहू लागलं.

उपासनेच्या रविवारी जुई मला न्यायला खोलीत आली आणि चिखलावरून घसरली. तिने टेबल सरकवलं. कुंडी उचलून ती हॉलमध्ये घेऊन आली. पेटी थांबली.

"पाळकसाहेब, हे बघा. खिडकीचं भूत."

बाळासाहेबांचा चेहरा असा झाला, की पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं मला वाटलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते सावकाश उभे राहिले.

"माझं आहे," ते म्हणाले. "जुलैत शपथ घेतली मी. आज काठी दुसऱ्या कोणीतरी धरावी. नियम माझाच आहे."

जुईने रोपट्याची माती बोटाने दाबून पाहिली आणि न राहवून म्हणाली, "काका, पण पाणी किती घातलंत याला! कोफायला एवढं चालत नाही. माझंही पहिलं असंच मेलं, मग मी..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

"तुझं पहिलं?" बाळासाहेब म्हणाले.

"दुसरं गॅरेजमध्ये आहे," जुई खाली बघत म्हणाली. "तुम्ही घरी यायचात ना, म्हणून गॅरेजमध्ये."

मागच्या खुर्चीवरचा तबलजी खाकरला. "आमचं बाथरूमच्या खिडकीत आहे. पाहुणे आले की टबमध्ये ठेवतो."

मग एकेक तोंड उघडलं. कोणाचं मेहुण्याकडे, कोणाचं कारच्या डिकीत, कोणी ते शेजाऱ्याच्या कुंपणात लावून टाकलेलं. मित्रांनो, इतकी वर्षं मंडळी एकमेकांपाशी पापं कबूल करत होती आणि झाडं लपवत होती.

"मग काठी धरायची कोणी?" सुशील पाळक म्हणाले. "मी वर्क व्हिसावर आहे. नियमाने मला चालेल, पण मला प्रवचन करायचंय आणि मी हातवारे फार करतो."

"नियमाने माझाच हक्क आहे," सरलाबाई उठल्या. "माझा पासपोर्ट अजून जुनाच आहे. पण मी धरणार नाही. अहो, शमुवेलला फोन लावा."

"आत्ता? आणि सांगू काय?"

"पेढा उत्तम होता म्हणाला होतात ना? तिथूनच सुरू करा."

बाळासाहेब फोन घेऊन कोपऱ्यात गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. माझं सगळं आयुष्य कोपऱ्यात गेलं, आणि नेमका तोच कोपरा लांब पडला. परत आले तेव्हा ते डोळे पुसत होते. मंडळीने तोवर भजन सुरू केलं आणि तेच पुन्हा पुन्हा म्हटलं. न्यू लिन जवळ आहे, पण त्या दिवशी लांब वाटलं.

शमुवेल आला तो भर थंडीत, पायात रबरी जँडल्स, म्हणजे आपल्या सपाता, घालून. बूट शोधायला थांबला नव्हता. बाळासाहेबांनी मला दोन्ही हातांत उचलून त्याच्यापुढे धरलं. "धर रे," एवढंच म्हणाले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, पण देता देता त्यांनी माझा आकडा कोटाच्या बाहीने पुसला.

शमुवेलने मला घेतलं, वर पाहिलं आणि म्हणाला, "काका, आधी खिडकी उघडू का? फार कोंडलंय आत."

त्याने कडीत माझा आकडा अडकवला आणि ओढलं. खिडकी उघडली. थंड हवा आत आली आणि सगळ्यांनी कोट आवळून घेतले, पण बंद करा असं कोणी म्हणालं नाही. मग त्याच आकड्याला नाडीने तिरंगा बांधला गेला. बाळासाहेब शमुवेलच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना केली. ज्या देशाने जन्म दिला त्याच्या स्वातंत्र्यासाठी देवाचे आभार मानले. मग थोडे थांबले आणि ज्या देशाने छाती शिवून दिली, त्याच्यासाठीही मानले. आमेन इतक्या मोठ्याने झालं, की मला संशय आला, सगळे हीच वाट पाहत होते.

तर मित्रांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. ते कोफाय आता हॉलच्या बाहेर मातीत लावलंय. त्याला पाणी घाला, पण एकमेकांना विचारून घाला. आणि मला कोपऱ्यात तिरकी टेकवू नका, मी वाकते. सरळ, हाताशी ठेवा. ऑगस्ट वर्षातून एकदाच येतो. खिडक्या रोज असतात.