पांढरा ठिपका

"ठिपका आहे ना, वहिनी?"

दिराने काडेपेटीतून काळा भुंगा आणला होता. अंगापेक्षा मिशा लांब. गल्लीतल्या पाइनवर सापडला. ती नऊ झाडं तिच्या नवऱ्याने लावलेली. नवरा गेला, झाडं राहिली.

नमुना: भुंगा, एक, मेलेला.
खाद्य: पाइनचं लाकूड.

वन कार्यालयातल्या या टेबलावर ती एकतीस वर्षं किडे ओळखत होती. पंखांच्या सांध्यापाशी पांढरा ठिपका असला, तर भुंगा इथलाच. मरणपंथाला लागलेलं झाड खातो, धडधाकटाच्या वाटेला जात नाही. ठिपका नसला, तर बाहेरून आलेला, धडधाकट झाडंही पोखरणारा. मग गल्लीतलं प्रत्येक पाइन तोडायचं.

भिंगाखाली ठिपका लख्ख दिसत होता.

"आहे."

"मग लिहा की. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

ठिपका:

तिने मान वर केली. ठिपका भिंतीवर गेला. तिथून खिडकीत, खिडकीतून ढगात.

"भावजी, तुमच्या नाकावरही एक आहे."

दीर नाक पुसून हसला. ती हसली नाही.

भुंग्याचा ठिपका म्हणजे बारीक लव. स्पिरिटचा थेंब पडला की भिजून काळी पडते, वाळली की पुन्हा पांढरी. नवख्यांना ती हेच शिकवायची. तिने थेंब सोडला आणि वाट पाहिली. खोलीत कुठूनसा राळेचा वास आला. खिडकीबाहेर मातीने भरलेल्या हातांचा नवरा उभा होता, नववं रोप काखेत धरून, घाई नसल्यासारखा.

भुंगा चिंब भिजला. ठिपका कोरडाच.

तिने शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला हाक मारली. "जरा बघता?"

"मी? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा." त्याने भिंगाला डोळा लावला. स्पिरिट वाळेपर्यंत थांबला. "ठिपका कुठला, बाई? काळाकुट्ट आहे."

दीर तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही तर आहे म्हणालात."

"आहे. माझ्या डोळ्यात."

ठिपका: नाही.
शेरा: झाडं तोडावीत. यापुढचे नमुने दुसऱ्या टेबलावर द्यावेत.

सही तिने बोटाने कागदाची कड चाचपून, नेहमीच्याच जागी केली.

संध्याकाळी पहिल्या पाइनच्या खोडाला तिने कान लावला. आत करकर चालली होती. बारीक, सावकाश, कुणी करवतीला धार लावत बसल्यासारखी.

"काय ऐकताय, वहिनी?"

"जेवतायत," ती म्हणाली. "आजचा दिवस जेवू द्या."

आणि दुसऱ्या झाडाकडे निघाली, हात पुढे करून.